बांधण्याआधीची दहा मिनिटं

रात्रपाळी, सकाळी १०:२०

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणतेय, आज सुट्टी आहे म्हणून बसलेच. मानसोपचार वॉर्डात सिस्टर म्हणून मला चौदा वर्षं झाली. गेली तीन वर्षं नोकरी सांभाळून संशोधन करतेय. रुग्णाला बांधणं, खोलीत कोंडणं, चौघांनी धरून इंजेक्शन टोचणं, हे कमी कसं होईल आणि त्यात नर्सचा हात कुठवर पोचतो, एवढाच विषय.

आधी एक प्रसंग सांगते. संध्याकाळचे सव्वाआठ. वॉर्डातून घरी फोन करायची वेळ आठपर्यंत. पन्नाशीचे एक गृहस्थ काउंटरवर आले, "मुलीला एक फोन लावू द्या." समोरची सिस्टर हँडओव्हर (पुढच्या पाळीला द्यायची माहिती) लिहीत होती. मान वर न करता म्हणाली, "वेळ संपली. उद्या." ते गेले, परत आले. "उद्या म्हटलं ना?" तिसऱ्यांदा आले तेव्हा त्यांनी काउंटरवर हात आपटला. पेनांचा डबा खाली पडला. कुणीतरी हाक मारली, शेजारच्या वॉर्डातून दोन ब्रदर आणि एक वॉर्डबॉय मामा धावत आले, आणि साडेआठला ते गृहस्थ पलंगावर होते. दोन्ही मनगटं, दोन्ही घोटे पट्ट्यांत. रजिस्टरमध्ये नोंद झाली: "रुग्ण अचानक आक्रमक झाला."

ती नोंद माझ्या अक्षरात आहे. मान वर न करणारी सिस्टरही मीच.

माझं सगळं संशोधन म्हणजे त्या "अचानक"शी भांडण आहे. अचानक काही झालं नव्हतं. तीन नकार होते, मधे दहा-बारा मिनिटं होती, आणि त्या मिनिटांत वॉर्डात डॉक्टर नव्हते, नातेवाईक नव्हते, कायदाही नव्हता. नर्स होती.

ही मिनिटं संशोधनाच्या टेबलावर आणली ती लंडनच्या किंग्ज कॉलेजमधल्या लेन बोअर्स यांनी. ते तेव्हा मानसोपचार नर्सिंगचे प्राध्यापक होते. त्यांच्या गटाने २०१४ मध्ये 'सेफवॉर्ड्स' ही मांडणी प्रसिद्ध केली. त्यांचं म्हणणं असं की वॉर्डातल्या ताणाची मुळं फक्त रुग्णाच्या आजारात नसतात. ती कर्मचाऱ्यांच्या वागण्यात, वॉर्डाच्या बांधणीत, नियमांत, इतर रुग्णांत आणि बाहेरच्या जगातही असतात. घरून आलेला एक वाईट फोनसुद्धा पुरतो. या मुळांतून ठिणगीचे क्षण तयार होतात. ठिणगी पडली की आपण आवर घालायला धावतो, आणि कित्येकदा त्या आवर घालण्यातूनच पुढची ठिणगी पडते.

यावर त्यांनी दहा उपाय सुचवले. वाचताना वाटतं, एवढंच? उदाहरणार्थ, हँडओव्हर देताना प्रत्येक रुग्णाबद्दल एक तरी चांगली गोष्ट सांगायची, किंवा त्याच्या वागण्यामागे काय असावं ते सांगायचं. ("सात नंबर, सकाळपासून डोकं खातोय" असं नाही. "सात नंबरच्या भावाचं ऑपरेशन आहे, त्याला कळवलेलं नाही" असं.) नकार कसा द्यावा याची छोटी वाक्यं नर्सिंग रूममध्ये लावायची आणि दर थोड्या दिवसांनी बदलायची. रुग्णाला वाईट बातमी मिळणार असेल तर ती आधी हेरून त्याच्यासोबत थांबायचं. वॉर्डात काही राडा झाला की नंतर तो बघणाऱ्या प्रत्येक रुग्णाशी जाऊन बोलायचं. हा शेवटचा उपाय मला सगळ्यांत जास्त पटला, कारण एकाला बांधताना बाकीचे वीस जण भिंतीला टेकून बघत असतात, आणि त्यांच्याकडे जायचं आमच्या कुणाच्या डोक्यातही येत नाही.

मग त्यांनी हे तपासलं. १५ रुग्णालयांतले ३१ वॉर्ड घेतले आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले. दुसऱ्या गटालाही मोकळं सोडलं नाही. त्यांना कर्मचाऱ्यांचं शारीरिक आरोग्य सुधारायचा कार्यक्रम दिला, म्हणजे "आपल्याकडे काहीतरी नवं चाललंय" हा उत्साह दोन्हीकडे सारखा. २०१५ मध्ये निष्कर्ष आले: संघर्षाच्या घटना १५ टक्क्यांनी आणि आवर घालण्याच्या घटना २६.४ टक्क्यांनी कमी.

आता तुम्ही बोला. विशेषतः ज्यांनी हे पलंगाच्या कुठल्याही बाजूने बघितलंय त्यांनी.

शेवंती, सकाळी ११:०५

"सिस्टरही मीच" इथे थांबून परत वरून वाचलं.

एक भाबडा प्रश्न. बांधल्याने आजारावर काही चांगला परिणाम होतो असं कुठे सिद्ध झालंय का? म्हणजे तो उपचार आहे की नुसती सोय?

रात्रपाळी, सकाळी ११:३०

@शेवंती, भाबडा अजिबात नाही, मला तो विचारायला आठ वर्षं लागली. कॉक्रेन ही वैद्यकीय पुरावे गोळा करून तपासणारी संस्था. २००० साली तिच्या आढाव्यात बांधणं-कोंडणं यांचा उपयोग तपासणारे नियंत्रित (म्हणजे तुलनेचा गट असलेले) अभ्यास शोधले. एकही सापडला नाही. जगभर पिढ्यान्‌पिढ्या वापरात असलेली गोष्ट, आणि ही गत. एखादी गोळी अशी विकू दिली असती का कुणी?

नुकसानीचा पुरावा मात्र आहे. २०१९च्या एका मोठ्या आढाव्यात, बांधलेल्या किंवा कोंडलेल्या रुग्णांपैकी २५ ते ४७ टक्क्यांना पुढे आघातोत्तर ताणविकार झाल्याचे अंदाज निघाले. आणि मृत्यू. १९९८ मध्ये हार्टफर्ड कूरंट या अमेरिकी दैनिकाने आधीच्या दहा वर्षांतले असे १४२ मृत्यू शोधून छापले. तिथल्या सुधारणांना खरा जोर त्यानंतर आला. पालथं पाडून पाठीवर वजन टाकलं की माणसाला छाती फुगवता येत नाही. तो सुटायला नाही, श्वास घ्यायला धडपडत असतो. आपण म्हणतो, "अजून जोर करतोय, घट्ट धरा."

ब्रदर_४२, दुपारी १:१५

ताई, लिहिलंय छान. पण थोडं कडू बोलतो, राग मानू नका.

माझ्या डाव्या हाताची करंगळी आजही सरळ होत नाही. रात्री आम्ही दोघं आणि चाळीस रुग्ण. एक जण खिडकीच्या काचेचा तुकडा घेऊन उभा होता. त्याला मी कुठलं मऊ वाक्य वाचून दाखवायचं होतं? सेमिनारला येणारे साहेब स्लाइड दाखवतात, जातात. मार आम्ही खातो. "सक्ती कमी करा" असं परिपत्रक येतं, माणसं वाढवून द्या म्हटलं की बजेट नसतं. मग बांधलं की आम्ही क्रूर, आणि नाही बांधलं आणि काही झालं तर आम्ही निष्काळजी. दोन्हीकडून आमचीच मान.

निवांत, दुपारी १:२०

+१. पॉपकॉर्न घेऊन बसलोय असं म्हणणार होतो, पण विषय तसा नाही. वाचतोय.

रात्रपाळी, दुपारी २:००

@ब्रदर_४२, राग कसला. काच हातात असलेल्या माणसापुढे कार्ड वाचा असं कुणीच म्हणत नाहीये. तिथे धरावंच लागेल. मला विचारायचंय ते आधीचं. तो काच फोडेपर्यंतच्या अर्ध्या तासात काय काय झालं होतं? तुम्ही दोघं असताना ते दिसणारच नाही, हे मला मान्य आहे. माणसंच नसतील तर दहाही उपाय भिंतीवरचा कागद आहेत. हे मी माझ्या प्रबंधातही स्पष्ट लिहिलंय, आणि गाइडनी दोनदा "जरा सौम्य करा" म्हणून सांगितलंय.

पण "बांधणं कमी केलं तर मार वाढेल" हे मात्र तपासून पाहिलेलं आहे. फिनलंडमध्ये कडेकोट बंदोबस्ताच्या मनोरुग्णालयात, स्किझोफ्रेनिया असलेले, हिंसक वागण्याचा इतिहास असलेले पुरुष. म्हणजे सोपा वॉर्ड नव्हे. २०१३च्या त्या चाचणीत ज्या वॉर्डांत सक्ती कमी करायचा प्रयोग केला तिथे बांधणं, कोंडणं किंवा खोलीत नजरेखाली ठेवणं घडलेले रुग्णदिवस (एक रुग्ण एक दिवस वॉर्डात म्हणजे एक रुग्णदिवस) ३० टक्क्यांवरून १५ वर आले. तुलनेच्या वॉर्डांत २५ वरून १९. हिंसा वाढली नाही.

आणि एक विचारू? करंगळी मोडली ती त्याने हल्ला केला तेव्हा, की धरताना?

ब्रदर_४२, दुपारी २:४०

धरताना. पलंगाच्या दांडीत अडकली.

(हा प्रश्न मला अकरा वर्षांत कुणी विचारला नव्हता.)

सरासरी, दुपारी ३:३०

माझा पेशा आकडेमोडीचा, मानसोपचारातलं मला कळत नाही. तेव्हा फक्त आकड्यांपुरतं.

सेफवॉर्ड्सची मोजणी कुणी केली? प्रत्येक शिफ्टच्या शेवटी नर्सनेच भरलेल्या तक्त्यावरून. म्हणजे प्रयोग राबवणारा आणि गुण देणारा एकच. कुठल्या वॉर्डात प्रयोग चाललाय हे मोजणाऱ्यापासून इथे झाकून ठेवणं शक्य नाही हे मान्य, पण वाचताना हे लक्षात हवं. दुसरं, त्या तक्त्यात "आवर घालणं" या नावाखाली बरंच काही येतं. मागितल्यावर किंवा गरजेनुसार दिलेलं जादा औषध येतं, जास्त लक्ष ठेवणं येतं, धरणं येतं, कोंडणं येतं. तेव्हा २६.४ टक्के ऐकून "चारातले एक पट्टे सुटले" असं कुणी समजू नये. बेरजेतला कुठला आकडा घसरला ते वेगळं बघावं लागेल.

तिसरं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. फुगा एका बाजूने दाबला की दुसरीकडे फुगतो. डेन्मार्कने २०१४ मध्ये ठरवलं, २०२० पर्यंत पट्ट्याने बांधणं निम्म्यावर आणायचं. ते जमलं नाही, आणि त्याच काळात सक्तीने शामक औषध देणं वाढलं. ज्या रुग्णालयाचा "बांधण्याचा" आकडा शून्य असेल, तिथलं इंजेक्शनचं रजिस्टर मी आधी मागेन.

रात्रपाळी, दुपारी ४:१५

@सरासरी, तुम्ही माझे परीक्षक नाही आहात ना? :) तिन्ही मुद्दे बरोबर.

दुसऱ्याबद्दल थोडी भर. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया राज्यात सेफवॉर्ड्स राबवलं तेव्हा फक्त कोंडण्याचा आकडा वेगळा बघितला, आणि वर्षभरानंतर तो ३६ टक्क्यांनी कमी होता. पण तुम्ही पुढे विचाराल त्याआधीच सांगते: तिथे चिठ्ठ्या टाकल्या नव्हत्या, वॉर्ड आपणहून पुढे आले होते. उत्साही वॉर्डात काहीही चालतं.

तिसऱ्याबद्दल मी पूर्ण सहमत. देशोदेशीची "कमी वाईट" सक्ती वेगवेगळी आहे ही मोठी गंमत आहे. ब्रिटनमध्ये पट्ट्याने बांधणं अघोरी वाटतं, तिथे हातांनी धरतात. डेन्मार्क-नॉर्वेकडे पट्टा वापरतात आणि खोलीत एकटं कोंडणं त्यांना जास्त क्रूर वाटतं. नेदरलँड्समध्ये बराच काळ कोंडणंच रुळलेलं होतं. प्रत्येकाला वाटतं आपली पद्धत सभ्य. रुग्णाला कुणीच विचारलेलं नसतं. म्हणून माझ्या फॉर्मवर सगळे प्रकार एकाच पानावर आहेत. पट्टा, खोली, धरणं, इंजेक्शन, आणि "नाहीतर इंजेक्शन देईन" ही धमकीसुद्धा. ती कुठल्याच रजिस्टरमध्ये नसते.

जुनी_वही, संध्याकाळी ६:००

फुग्यावरून आठवलं. अवांतर आहे, पण फार नाही.

मनोरुग्णांच्या साखळ्या तोडल्या म्हणून फ्रेंच डॉक्टर फिलिप पिनेल यांचं नाव सगळीकडे असतं, तैलचित्रंसुद्धा आहेत. पॅरिसच्या बिसेत्र रुग्णालयात प्रत्यक्ष साखळ्या काढल्या त्या १७९७ मध्ये ज्याँ-बातिस्त प्यूसाँ यांनी. ते डॉक्टर नव्हते, वॉर्डाची देखभाल करणारे अधीक्षक होते. आजच्या भाषेत चार्ज नर्सच म्हणा. आणि ते तिथे आले होते रुग्ण म्हणून, गंडमाळेच्या उपचारासाठी. पिनेल तोवर दुसऱ्या रुग्णालयात गेले होते आणि तिथे हेच त्यांनी नंतर केलं. तेव्हा ताई, तुमच्या खात्याचा मूळपुरुष चित्रातून वगळला गेलाय.

आता फुगा. साखळ्या गेल्या, त्यांच्या जागी काय आलं? लांब बाह्यांचा, हात बांधून टाकणारा अंगरखा. पुढे १८३९ पासून इंग्लंडात हॅनवेलला जॉन कोनोली यांनी सगळीच बांधाबांधी बंद केली, तर गादी लावलेल्या खोल्या आल्या. टीकाकारांनी तेव्हाच म्हटलं होतं की दोरी सुटली, दार लागलं. म्हणजे @सरासरी यांचा मुद्दा पावणेदोनशे वर्षं जुना आहे.

उंबरठा, संध्याकाळी ७:१०

दाराचा विषय निघालाच आहे तर, वॉर्डाला कुलूप नसेल तर रुग्ण पळून जाणार नाहीत? जिवाचं काही करून घेणार नाहीत? माझ्या समजुतीप्रमाणे कुलूप त्यासाठीच असतं.

रात्रपाळी, संध्याकाळी ७:४०

सगळ्यांची हीच समजूत, माझीही होती. जर्मनीतल्या २१ रुग्णालयांची १९९८ ते २०१२ अशी पंधरा वर्षांची माहिती तपासली गेली. कुलूपबंद वॉर्डांत आत्महत्या किंवा पळून जाणं कमी आढळलं नाही. अर्थात तो निरीक्षणाचा अभ्यास, त्यात चिठ्ठ्या टाकलेल्या नव्हत्या. पण २०२४ मध्ये ओस्लोच्या लोव्हिसेनबर्ग रुग्णालयातली चाचणी प्रसिद्ध झाली, त्यात ५५६ रुग्ण चिठ्ठीने वाटले होते. दार उघड्या ठेवलेल्या वॉर्डांत २६.५ टक्के रुग्णांवर कुठली ना कुठली सक्ती झाली, नेहमीच्या वॉर्डांत ३३.४. दार उघडं म्हणजे वाऱ्यावर सोडलेले नव्हेत. दाराजवळ माणूस असतो, येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलतो. किल्लीचं काम माणूस करतो, आणि माणूस किल्लीपेक्षा महाग पडतो. @ब्रदर_४२ यांचा मुद्दा इथे परत येतो.

स्टेथोस्कोप, रात्री ९:०५

मानसोपचारतज्ज्ञ आहे. दिवसभर वाचत होतो, राहवेना.

धागाकर्तीने नर्सवर सगळं ओढून घेतलंय, ते मला पूर्ण पटत नाही. बांधायचा आदेश कुणाचा असतो? आमचा. रात्री अडीचला फोन येतो, आम्ही अर्धवट झोपेत "बांधा, सकाळी बघतो" म्हणतो आणि सकाळी राउंडला सही करतो. मी स्वतः केस पेपरवर आगाऊच "गरज पडल्यास बांधावे" असं लिहून ठेवलेलं आहे, एकदा नव्हे. ते वाक्य म्हणजे कोरा चेक.

अमेरिकेत केव्हिन हकशॉर्न यांनी (त्या मूळच्या नर्सच) सक्ती कमी करायच्या सहा सूत्रांचा कार्यक्रम पुढे आणला. फिनलंडच्या ज्या चाचणीचा वर उल्लेख झाला तिचा पाया तोच. त्यातलं पहिलं सूत्र नर्सिंगचं नाही, नेतृत्वाचं आहे. एखाद्याला बांधलं की ती गोष्ट वॉर्डात जिरता कामा नये, रात्र असो की दिवस, वरच्या अधिकाऱ्यापर्यंत लगेच गेली पाहिजे. साहेबाची झोप मोडायला लागली की बांधण्याचे आकडे कसे हलतात बघा. पेनसिल्व्हेनियाच्या सरकारी मनोरुग्णालयांत १९९० ते २००० या काळात कोंडण्याच्या घटना दर हजार रुग्णदिवसांमागे ४.२ वरून ०.३ वर आल्या. आणि एकदा कोंडलं की सरासरी १०.८ तास, तिथून १.३ तास. दहा वर्षं लागली, पण नुसत्या वर्कशॉपने हे होत नाही.

आणखी एक कामाचं: ब्रिटनच्या नाइस या संस्थेची २०१५ची मार्गदर्शिका सांगते की हाताने धरणं सहसा दहा मिनिटांपलीकडे नेऊ नये आणि पालथं पाडणं टाळावं. नुसती ही दहा मिनिटं घड्याळ लावून पाळली तरी बराच फरक पडेल.

ब्रदर_४२, रात्री १०:३०

डॉक्टरसाहेब, "सकाळी बघतो" वाचून हसू आलं आणि रागही. मोकळेपणाने लिहिलंत, बरं वाटलं.

ताई, स्लाइड नको, भाषण नको. आज रात्रीपासून दोघांच्या ड्युटीत करता येईल असं एक काहीतरी सांगा.

रात्रपाळी, रात्री ११:००

ब्रोसेट यादी. नॉर्वेत तयार झालेली. सहा गोष्टी बघायच्या: गोंधळलेला आहे का, चिडचिडा झालाय का, उगाच दणदणाट करतोय का, अंगावर येण्याचा आविर्भाव, तोंडी धमकी, वस्तूंची आदळआपट. असेल तर एक, नसेल तर शून्य. शिफ्टमध्ये एकदा, एका रुग्णाला एक मिनिटही लागत नाही. त्या माणसाच्या नेहमीच्या वागण्यापेक्षा वाढलंय का ते बघायचं. जो एरवीही मोठ्याने बोलतो त्याला मोठ्या आवाजाचा गुण नाही. तीन किंवा जास्त झाले की आता काहीतरी करायचं. बांधायची तयारी नव्हे, त्याच्याकडे जायची तयारी. बाजूला घेऊन विचारायचं, जागा बदलून द्यायची, डॉक्टरांना आत्ताच कळवायचं. २००८ मध्ये स्वित्झर्लंडच्या चाचणीत ही पद्धत वापरलेल्या वॉर्डांत गंभीर हल्ले ४१ टक्क्यांनी आणि सक्तीचे उपाय २७ टक्क्यांनी कमी झाले होते.

चाळीस जणांची यादी रोज भरा असं मी म्हणणार नाही. नवीन आलेले आणि तुम्हाला आतून "आज हा ठीक नाही" वाटणारे, तेवढ्यांचीच भरा. तुमचं आतून वाटणं तसंही बरोबर असतं. कागदावर आलं की ते दुसऱ्यालाही दिसतं, एवढाच फायदा.

घरातला_एक, रात्री ११:५०

माझा भाऊ. नाव-गाव नको.

आम्ही घरच्यांनीच त्याला दोनदा सक्तीने दाखल केलंय. दुसऱ्या वेळी तर मी स्वतः त्याचे पाय धरले होते. इथे वाचताना मी खलनायकांच्या बाजूला उभा आहे असं वाटलं, पण त्या रात्री दुसरं काय करायला हवं होतं ते मला आजही कळत नाही. तो बरा झाल्यावर दोन वर्षं माझ्याशी बोलला नाही. मग एक दिवस म्हणाला, "पोलिसांची गाडी का बोलावलीस? मामाला बोलावलं असतंस तर मी आलो असतो." मामा तीन गल्ल्या सोडून राहतात. मला सुचलंच नाही, कारण मी त्याला कधी विचारलंच नव्हतं.

हे आधी लिहून ठेवायची काही पद्धत असते का?

रात्रपाळी, रात्री १२:२५

दादा, तुम्ही कुठल्याच बाजूला उभे नाही आहात.

असते. माणूस बरा असताना तो, घरचे आणि उपचार करणारे एकत्र बसून लिहितात: बिघडतंय याची पहिली खूण काय, कुणाला बोलवावं, कुठलं औषध चालतं, कुठलं अजिबात नको. इंग्लंडमध्ये याला संयुक्त संकट योजना म्हणतात. २००४ मध्ये १६० जणांवरच्या चाचणीत योजना असलेल्यांपैकी १३ टक्के सक्तीने दाखल झाले, नसलेल्यांपैकी २७ टक्के. सगळे खूश. मग २०१३ मध्ये ५६९ जणांवर मोठी चाचणी झाली आणि फरक जवळपास नाहीसा झाला. शोध घेतला तर बऱ्याच ठिकाणी योजनेची बैठक नेहमीच्या तपासणीतच उरकलेली, डॉक्टरांनी तो आणखी एक फॉर्म समजून भरलेला. कागद तोच होता, बसणं राहून गेलं होतं.

कायद्यातही याला जागा मिळतेय. भारताच्या २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात आगाऊ निर्देश लिहून ठेवायची आणि आपला प्रतिनिधी नेमायची तरतूद आहे. त्याच कायद्याने साखळीने बांधायला आणि एकांतात कोंडायला बंदी केली आहे. पण कायदा माहीत असलेला रुग्ण मला चौदा वर्षांत बोटांवर मोजण्याइतकाच भेटला. नर्सही फार नाहीत.

चौथा_मजला, पहाटे ४:१०

झोप येत नव्हती म्हणून सगळं वाचून काढलं. इथे आतापर्यंत बांधणारे, सही करणारे, मोजणारे आणि पाय धरणारे बोलले. मी बांधलेली.

नऊ वर्षं झाली. कुठलं रुग्णालय ते सांगत नाही. मला का बांधलं ते मला आठवतं, आणि खरं सांगायचं तर तेव्हा मला कुणीतरी थांबवायला हवंच होतं. त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार पुढची आहे.

घड्याळ माझ्या डोक्याच्या मागच्या भिंतीवर होतं. टिकटिक ऐकू यायची, काटे दिसायचे नाहीत. दर थोड्या वेळाने एक सिस्टर यायच्या, पट्ट्याखाली बोट घालून बघायच्या, नाडी बघायच्या, कागदावर लिहायच्या, जायच्या. कामात चूक काहीच नव्हती. पण त्या माझ्या मनगटाकडे बघायच्या, माझ्याकडे नाही. मी विचारलं, "कधी सोडणार?" त्या म्हणाल्या, "शांत झालात की." मी शांतच होते. मग वाटलं, अजून शांत व्हायला हवं, म्हणून मी हलणं बंद केलं. मग वाटलं, हलत नाही म्हणजे काही बिघडलं असं समजतील, म्हणून बोटं हलवली. असं किती वेळ. नंतर कागदपत्रं मागवली तेव्हा कळलं, चार तास पस्तीस मिनिटं. माझ्या हिशेबाने रात्र उलटून गेली होती.

एक मावशी फरशी पुसत होत्या. पुसता पुसता थांबल्या आणि म्हणाल्या, "नाक खाजतंय का गं?" खाजत होतं. त्यांनी पदराने खाजवलं. तुमच्या एकाही तक्त्यात हे बसणार नाही.

ताई, तुमच्या फॉर्ममध्ये "कधी सोडणार हे रुग्णाला सांगितलं का" असा रकाना आहे?

रात्रपाळी, सकाळी ७:३०

नाही. सव्वीस रकाने आहेत. कुणी बांधलं, का बांधलं, किती वाजता, त्वचा लाल झाली का, डॉक्टरांना कळवलं का. हा नाही. तीन वर्षं त्या फॉर्मवर काम करतेय आणि मला तो सुचला नाही.

सोमवारी घालते. शब्द तुम्हीच सांगाल?

चौथा_मजला, सकाळी ८:०५

"काय झालं की सोडणार, हे रुग्णाला सांगितलं का? कुणी? किती वाजता?"

"शांत झाल्यावर" हे उत्तर धरू नका. आणि रकाना एकदाच नको. दर वेळी बोट घालून बघायला येतील तेव्हा परत सांगायचं.

स्टेथोस्कोप, सकाळी ८:४०

हा रकाना माझ्या सहीच्या वर घाला. खाली असला तर मी वाचणार नाही, स्वतःला ओळखून आहे.

ब्रदर_४२, सकाळी ९:१५

रात्रीची ड्युटी संपवून वाचलं. परत वर जाऊन बघून आलो. आमच्याकडेही घड्याळ पलंगाच्या मागच्याच भिंतीवर आहे. समोर खिळा नाही. स्टोअरमधून शिडी मागितलीये.